रोवण्याची सुट्टी

सोनकुसरे सर गणिताचे प्राध्यापक होते, पण नव्या मुलाला त्यांनी पहिल्या दिवशी गणित घातल्याचं मी कधी पाहिलं नाही. ते त्याला पाणी विचारायचे. वर्गाच्या दाराशी त्यांनी घरून आणलेला माठ ठेवला होता, त्यावर पितळेचा पेला. पोरगं बिचकत दारात उभं राहिलं की सर म्हणायचे, "या पाव्हणे, पाणी घ्या. कोणत्या गावचे?" मुलं लाजून लाल व्हायची. प्राध्यापकाने आपल्याला पाहुणा म्हणावं हे त्यांच्या बापजन्मात घडलं नव्हतं. अकरावीच्या मुलांना दिवाळीपर्यंत सर नावाने हाकच मारत नसत. हजेरी नंबरावर, आणि बाकी सगळे पाव्हणे. दिवाळीची सुट्टी संपली की एके दिवशी अचानक ते नाव-आडनाव घेऊन हजेरी घ्यायला लागत. त्या दिवशी पोरगं घरचं झालं असं समजायचं. मी एकदा या प्रकाराला हसले, तर म्हणाले, "पाव्हण्याले पयले पाणी, मंग काम. तुमच्या नागपुरात उलटं असते काय मॅडम?"

मी नागपूरची. साकोलीच्या त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला गेले तेव्हा माझं वय चोवीस, पदरात एम.ए.ची पदवी आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव. दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध नुकताच लागू झाला होता. अकरावीचा वर्ग शाळेकडून काढून कॉलेजला जोडला होता. खेड्यातल्या शाळेत पहिली आलेली मुलं एका वर्षाने लहानच आमच्याकडे येऊन पडायची. शाळेत सगळं मराठीतून, इथे विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीतून. आम्ही प्राध्यापक मंडळी स्टाफरूममध्ये चहा पीत त्यांच्या चुका एकमेकांना सांगून हसत असू. मी त्यात सगळ्यात पुढे होते, हे आधीच सांगून टाकते.

सर त्या हसण्यात नसत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पांढरा पायजमा, पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं घेऊन बसलेले असत. एक निळं, एक लाल. लाल पेन त्यांनी वापरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पेपर ते पेन्सिलीने तपासायचे, तेही इतक्या हलक्या हाताने की चूक कुठे झाली ते शोधायला पेपर उजेडात धरावा लागे. लाल पेन मग कशाला बाळगता, असं विचारलं तर म्हणत, "लागते कधीमधी."

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. मुलगा काहीच येत नाही म्हणून रडकुंडीला आला की ते त्याला बाकावर शेजारी बसवत आणि विचारत, "तुले शेवटचं पक्कं काय येते?" मुलगा म्हणे, काहीच नाही. मग सर खाली उतरायला लागत. नववीची समीकरणं येतात? नाही. सातवीचे अपूर्णांक? थोडे. थोडे नको, पक्कं सांग. असं करत करत एखादा सातच्या पाढ्यापर्यंत पोचायचा. सर न हसता तिथूनच सुरू करत. पवनीला त्यांच्या घरी माग होते, लहानपण कापड विणण्यातच गेलेलं. ते सांगायचे, धागा जिथे तुटला तिथेच गाठ मारावी लागते, पुढे मारली तर कापड सुटून येतं. याचा परिणाम असा की बी.एस्सी.च्या वर्गाचा अभ्यासक्रम त्यांच्या हातून कधी पुरा झाला नाही. हुशार मुलं त्यांच्यावर चिडून असत, प्राचार्य दरवर्षी लेखी विचारणा करत, आणि सर ती विचारणा घडी करून पायजम्याच्या खिशात टाकत. त्यात त्यांची चूक नव्हतीच असं मी म्हणणार नाही. एका मुलाला सातचा पाढा शिकवताना पंधरा जण खोळंबतात हे गणित त्यांनी कधी मांडलंच नाही.

माझ्या पहिल्याच जुलैमधली गोष्ट. मी अकरावीला 'माय व्हिलेज' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. यमुना नावाच्या मुलीने 'माझं गाव भारतात आहे' या अर्थाचं एकच इंग्रजी वाक्य दहा वेळा लिहिलं. लाखांदूरच्या पुढच्या एका खेड्यातली ही मुलगी साकोलीत मावशीकडे राहून शिकत होती. तिच्या शाळेतून विज्ञानाला आलेली पहिली मुलगी, दहावीला शाळेत पहिली. मी तिला उभं केलं आणि तो कागद वर्गात मोठ्याने वाचला. दहाही ओळी. वर्ग हसला. सगळ्यात जास्त ते हसले ज्यांना एवढंही लिहिता आलं नव्हतं. यमुना हसली नाही आणि रडलीही नाही. ती बाकाच्या लाकडाकडे बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने मराठीत, मोत्यासारख्या अक्षरात अर्ज आणून दिला. घरी रोवणा असल्यामुळे आठ दिवसांची रजा मिळावी. आमच्या जिल्ह्यात रोवण्यापुढे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. भाताची रोपं, म्हणजे परे, उपटून चिखलात लावायचे दिवस ते. त्या दिवसांत लग्न ठरत नाही आणि कुणी भांडायलाही मोकळा नसतो. मी सही केली. आठाचे सोळा दिवस झाले तरी यमुना आली नाही. तिच्यासारखी आणखी सहा मुलं होती. येत्या सोमवारी त्यांची नावं हजेरीपटावरून कमी करायची यादी कार्यालयात जाणार होती. एकदा नाव कमी झालं की मुलगा शेतावर आणि मुलगी बोहल्यावर, हे ठरलेलं.

त्या दुपारी सरांनी मला त्यांच्या टेबलाजवळ बोलावलं. त्यांच्यासमोर वरच्या वर्गांचे चार-पाच वर्षांचे जुने हजेरीपट पसरलेले होते. प्रत्येक रोवण्याच्या रजेपुढे त्यांनी पेन्सिलीने एक तारीख लिहिली होती. मी पाहिलं तर ती आदल्या दिवशीच्या चाचणीची तारीख होती. एखाद्या वर्षी पाऊस लवकर आला असेल, एखाद्या वर्षी उशिरा, पण रजा मात्र चाचणीच्या मागोमागच आलेल्या.

"रोवणा पाण्यावर चालते मॅडम," ते म्हणाले. "आपल्या कॉलेजातला रोवणा परीक्षेवर चालून राहिला."

आणि मग ते खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले की यंदा तर पाणीच नाही. तलाव कोरडे, परे अजून वाफ्यातच उभे. आणि सात पोरं सोळा दिवसांपासून रोवण्याला गेलेली आहेत. ही एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. खरं म्हणजे माझ्यासारख्या शहरी बाईचं सोडा, ज्यांची स्वतःची शेती होती त्या प्राध्यापकांच्याही आली नव्हती. रोवणा हा शब्द ऐकला की आम्ही सगळे मान डोलवायचो.

मी खजील होऊन म्हटलं, ती माझ्यामुळे गेली. मी तिचा कागद वाचून दाखवला. सरांनी तो कागद मागून घेतला, बराच वेळ पाहिला. म्हणाले, "दहा ओळी मागितल्या, तिनं दहा दिल्या. मोजणीत चूक नाही." मग कागद परत देताना खालच्या आवाजात एवढंच म्हणाले की सुरुवातीला मीही पेपर मोठ्यानं वाचत होतो. कोणाचा वाचला, पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. लाल पेन पेपरावर का चालत नाही, ते मात्र मला त्या दिवशी थोडंसं कळलं.

त्याच आठवड्यात पाऊस लागला आणि खरा रोवणा सुरू झाला. यादी जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, सर म्हणाले की यमुनेच्या गावी जाऊन येऊ. मुलीचं घर आहे, सोबत बाई असलेली बरी. लाखांदूरची एस.टी., तिथून तीन मैल पायी. मी शहरी चपला हातात घेऊन चिखलातून चालत होते आणि मनात यमुनेसमोर काय बोलायचं याची उजळणी करत होते. माफी मागावी हे पटत होतं, पण प्राध्यापकाने विद्यार्थिनीची माफी कशी मागतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

घराला कडी होती. सगळं गाव शेतावर. यमुना बायांच्या रांगेत, गुडघाभर पाण्यात वाकलेली दिसली. आम्हाला पाहिलं आणि तिने पदर पुढे ओढून मान आणखी खाली घातली. तिची माय पुढे आली, हात धुतले, नमस्कार केला. मी तोंड उघडणार तोच ती कौतुकाने म्हणाली, "लय चांगलं कॉलेज हाय मास्तर तुमचं. रोवण्याची सुट्टी देते. आमची पोरगी होती म्हणून हात लागला."

मी यमुनेकडे पाहिलं. कॉलेजात सांगितलं की घरी रोवणा आहे. घरी सांगितलं की कॉलेजला रोवण्याची सुट्टी आहे. दोन्हीकडे एकच शब्द वापरून ती मधल्या मध्ये लपून बसली होती. ती आता हलत नव्हती. हातातले परे पाण्याला टेकलेले, बोटं तशीच. एका वाक्यात तिचं सगळं उघडं पडणार होतं, आणि ते वाक्य आमच्या तोंडात होतं.

"हो माय," सर म्हणाले. "सुट्टी आहे. बुधवारी उघडते कॉलेज."

मग त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, चपला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढल्या आणि मायकडून दोन मुठी परे मागून घेऊन पाण्यात उतरले. आयुष्यभर माग आणि खडू धरलेला माणूस. त्यांनी लावलेले परे हात काढल्याबरोबर वर येऊन तरंगायला लागले. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली की मास्तर धान लावून राहिले का दिवे सोडून राहिले. सर मन लावून पुढचा झुबका लावत, तोही तरंगे. असं पाच-सात वेळा झालं. शेवटी यमुनेला राहवलं नाही. ती दोन पावलं सरकून जवळ आली आणि पहिल्यांदा बोलली.

"सर, आंगठा दाबा. लय खोल नोका नेऊ, दबते. वर राह्यलं त तरंगते."

"दाखव," सर म्हणाले.

तिने दाखवलं. त्यांनी केलं, चुकलं. तिने त्यांचा हात धरून अंगठा दाबला. अर्धा तास ती त्यांना शिकवत होती आणि त्या अर्ध्या तासात कॉलेजचा एक शब्दही निघाला नाही. मी धुऱ्यावर उभी होते. बरीच वर्षं माझी समजूत होती की सरांनी ते मुद्दाम चुकवलं. नंतर कळलं की त्यांना खरोखरच कधी जमलं नाही.

दुपारी धुऱ्यावर भात आणि चटणी खाताना शेजारच्या बांधीत, म्हणजे पलीकडच्या खाचरात, दोन दिवसांपूर्वी लावलेले परे मला पिवळे दिसले. मी मायला विचारलं की हे मेले का. ती हसली. "आठ दिवस पिवळं पडते बाई. एका जागचं उपटून दुसऱ्या जागी लावलं का असंच असते. जगलं का मेलं म्हणून उपटू-उपटू पाहू नये. मंग आपोआप धरते." सर जेवता जेवता थांबले. त्यांनी मायकडे असं पाहिलं की मला वाटलं आता वही काढून लिहून घेतात की काय. मी तेव्हा यमुनेकडे वळून, बाकी कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं की माझं चुकलं. तिने भाताचा घास तसाच हातात धरून मान हलवली. होकार होता की नकार ते मला कळलं नाही.

परतीच्या एस.टी.त मी म्हटलं, सर, बुधवारी उघडतं म्हणालात. नावं तर उद्या कमी होणार. ते म्हणाले, "बोलून बसलो. आता खरं करा लागन."

सोमवारी सकाळी ते प्राचार्यांसमोर उभे राहिले, शेजारी मी. प्राचार्य शिस्तीचे. नियम, तपासणी, विद्यापीठ, सगळं त्यांनी सांगून झालं. सरांनी रविवारची गोष्ट जशी घडली तशी सांगितली, तरंगणाऱ्या पऱ्यांसकट. शेवटी म्हणाले की मी त्या मायला शब्द देऊन आलो, आता तिचं नाव काटायचं असेल तर माझंही काटा. प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. ते सिहोऱ्याकडच्या धान पिकवणाऱ्या घरातले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "एकही झुबका धरला नाही?"

"दोन धरले असतील सर. तेही तिनं लावले."

प्राचार्य हसले. मी त्यांना त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद ओढला आणि नोटीस लिहिली की अकरावीच्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरी रोवणा आहे त्यांना सुट्टी देण्यात येत आहे, ती गेल्या महिन्यापासून लागू धरावी, आणि परतल्यावर त्यांना कोणीही कारण विचारू नये. सुट्टी संपण्याच्या तारखेची जागा कोरी ठेवून म्हणाले, ही सोनकुसरे टाकतील. शिवाय परे धरेपर्यंत, म्हणजे पोळ्यापर्यंत, अकरावीची चाचणी नाही आणि कुणाचा पेपर वर्गात वाचणं नाही, हेही त्याच दिवशी ठरलं. हे शेवटचं मी मांडलं. तेवढं तरी माझ्याकडून व्हायला हवं होतं.

नोटीस व्हरांड्यातल्या फळ्यावर लावायची पद्धत होती. सरांनी ती फाटकावर लावली. शिपाई म्हणाला, सर, तिथं पावसानं भिजेल. सर म्हणाले की फाटकापर्यंत येणारा आत येईलच असं नाही. काच बसवलेली जुनी चौकट शोधून त्यांनी ती नोटीस फाटकाच्या खांबाला अडकवली. तारीख बुधवार.

बुधवारी दुपारची लाखांदूर गाडी आली, यमुना आली नाही. सर फाटकापाशी उभे होते. त्यांनी चौकट काढली, खिशातलं लाल पेन काढलं, बुधवारवर काट मारली आणि गुरुवार लिहिलं. मी पहिल्यांदा ते पेन कागदावर चालताना पाहिलं. गुरुवारी गाडी यायच्या आधीच, सकाळीच, त्यांनी गुरुवार खोडून शुक्रवार केला. मी म्हटलं, आज तर येऊ द्या तिला. म्हणाले, आली तर आत घेऊच, पण फाटकावर सुट्टी संपलेली दिसायला नको. शुक्रवारी दुपारी यमुना वर्गाच्या दारात उभी होती, पायाच्या नखांत चिखल. सर फळ्यावर लिहीत होते. वळून म्हणाले, "या पाव्हणे. पाणी घ्या."

सातांपैकी पाच परत आली. दोघं आली नाहीत. सरांनी त्यांच्या गावांनाही खेपा घातल्या, पण त्यांचं जमलं नाही. त्या दोघांची नावं ते पुढेही अधूनमधून काढायचे.

पुढची सगळी वर्षं ती सुट्टी कॉलेजात राहिली. रोवण्याच्या दिवसांत सर दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावी जात आणि चिखलात उतरत. गावोगावच्या बाया त्यांना ओळखायला लागल्या. आले का मास्तर, तरंगवायले, असं म्हणून जागा करून देत. सकाळी कॉलेज भरायच्या आधी ते अकरावीची शिकवणी घ्यायचे. त्यात मीही जायला लागले आणि माझ्या मुलांना विचारायला लागले की इंग्रजीत शेवटचं पक्कं काय येतं. कित्येकदा उत्तर मुळाक्षरांपर्यंत जायचं. एके काळी त्यावर मी स्टाफरूममध्ये हसले असते.

यमुना बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली आणि लाखांदूरच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवायला लागली. दरवर्षी तिची दोन-तीन मुलं आमच्याकडे येत आणि प्रत्येकाच्या हाती सरांसाठी चिठ्ठी असे, मोत्यासारख्या अक्षरात. याला वर्गसमीकरणांपर्यंत पक्कं येते. हिला अपूर्णांकापर्यंत, पण हिंमत चांगली आहे. एकदा ती भेटायला आली असताना मी तिला विचारलं की त्या वर्षी बुधवारी का आली नव्हतीस. ती म्हणाली, आले होते. एस.टी. स्टँडवर उतरले, कॉलेजाकडे पाय उचलेना, त्याच गाडीत परत बसले. घरी सांगितलं की सुट्टी वाढली.

"गुरुवारी मंग फाटकापर्यंत आली," ती म्हणाली. "नोटीस वाचली. बुधवार काटला होता, गुरुवार काटला होता. मी घरी जे खोटं सांगून आली होती ते तिथं लाल अक्षरात खरं लिहून होतं मॅडम. मले समजलं का कोणीतरी माझी वाट पाहून राहिलं. मंग शुक्रवारी आली."

मी हे सरांना सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मला नागपूरला नोकरी मिळाली. मी साकोली सोडली तो दिवस रोवण्याच्या मोसमातला होता. निरोपसमारंभ आदल्या दिवशीच झाला होता. सर त्यात, भाषणाला उभे राहिले की बोलत तसंच, कंटाळवाणं आणि लांबलचक बोलले होते. सामान रिक्षात टाकून मी कॉलेजावरून निघाले तेव्हा दुपारची लाखांदूर गाडी नुकतीच येऊन गेलेली. रस्त्याने कुणी मुलगा येताना दिसत नव्हता. सर फाटकापाशी उभे होते. केस सगळे पांढरे झालेले, पायजम्याच्या कडांना रविवारचा चिखल. मी हाक मारणार होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. कपाळावर हात धरून ते रस्त्याच्या टोकापर्यंत पुन्हा एकदा पाहत होते. मग त्यांनी खांबावरची चौकट उतरवून गुडघ्यावर टेकवली, खिशातलं लाल पेन काढलं आणि तारीख खोडून उद्याची लिहिली.